प्लास्टरची वेळ धरायची नाही

कवळीवाल्याला खोटेपणाचा मनस्वी तिटकारा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकीकत ऐकून कुणीही म्हणेल की माणूस लबाड होता. तो लबाड नव्हता. लबाड असता तर कुठेतरी पकडला तरी गेला असता.

इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत त्याचं काम चाले. एक खिडकी, एक नळ, पाणी उकळायचं मोठं पातेलं, घासायची मोटर आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्रत्येक जबड्यावर पेन्सिलने आकडा. शहरातले चार-पाच दातांचे डॉक्टर त्याच्याकडे माणसांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे आणि तो त्यावरून कवळ्या बनवून द्यायचा. स्वतः कुणाच्या तोंडात हात घालायचा नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. पण ठसा हातात आला की त्या माणसाला न भेटताही तो त्याला ओळखू लागे. हा उजव्या बाजूनेच चावतो, ही झोपेत दात खाते, याने भीतीपोटी पाच वर्षं चालढकल केलेली आहे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्याला नखाने कळायचा. ज्यांचं सगळ्यात जास्त काम तो करायचा त्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "तुमची कवळी एकदा बसवली की लोक परत तोंडच दाखवत नाहीत हो मला. माझा धंदा कसा चालायचा?" तो वरवर लाजायचा, पण आतून फुलून जायचा.

या धंद्यात हाताचं काम निम्मं आणि वाट पाहणं निम्मं. ठशात प्लास्टर ओतलं की चाळीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. मेण गरम केलं की गार व्हायची वाट. मेणात दात मांडून झाले, साच्यात हिरडीच्या रंगाचं गुलाबी मिश्रण भरलं, की साचा पाण्यात शिजत ठेवायचा: घाईचं काम असेल तर तीन तास, निवांत असेल तर नऊ. बावीस वर्षं त्याने या वाट पाहण्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. एकाचं प्लास्टर वाळतंय तोवर दुसऱ्याचे दात मांडायचे, दुसऱ्याचं मेण गार होतंय तोवर तिसऱ्याची कवळी घासायची. चार कामं एकमेकांच्या फटीत बसत. आणि अगदीच काही नसलं तर दोन जिने चढून वर जायचं आणि आईच्या हातचा चहा प्यायचा.

आई निवृत्त शिक्षिका. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठीसारखी ताठ, आणि आवाज असा की एकेकाळी शेवटच्या बाकावरचा झोपलेला मुलगा दचकून उठायचा. समोरच्या घरात राहणाऱ्या आजोबांची दृष्टी गेली तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, ती रोज दुपारी चार वाजता त्यांच्याकडे जाऊन तासभर वाचून दाखवायची. जाडजूड कादंबऱ्या. चोर बोलला की चोराचा आवाज, न्यायाधीश बोलला की न्यायाधीशाचा. दारं उघडीच असायची, त्यामुळे जिन्यावरची माणसंही पायरीवर जरा रेंगाळत. आजोबा तिला "बाई" म्हणायचे आणि पाच मिनिटं उशीर झाला की काठी आपटायचे.

मग आईचे उरलेले अकरा दात एकदम हलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी दोन खेपांत ते सगळे काढले. हिरड्या सुकल्यावर ठसे घेतले, स्वतः तळमजल्यावर आणून दिले आणि कवळीवाल्याला बजावलं, "घरचं काम म्हणून मागे टाकू नका बरं का. या वयात तोंड फार दिवस मोकळं राहिलं की जीभ पसरते, सगळी जागा बळकावून बसते. मग खालची कवळी ठरतच नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा!"

"महिन्याच्या आत देतो," तो म्हणाला. "मधल्या वेळात करून टाकतो."

आईने समोर जाऊन सांगितलं, "महिनाभर सुट्टी. दात गेलेत, पण मुलगाच करतोय माझे नवे." तोंडावर रुमाल धरून तिने हे सांगितलं. दातांवाचून तिचे शब्द हवेतच विरघळायचे आणि ते तिला अजिबात सहन होत नव्हतं. जी बाई चाळीस वर्षं मुलांचे उच्चार सुधारत आली, तिला स्वतःचं बोलणं ऐकवेना. ती बोलणंच कमी करून बसली.

आता खेळाकडे वळू. त्याच सुमारास कवळीवाल्याने नवा फोन घेतला होता आणि त्यात कुणीतरी बंदराचा खेळ घालून दिला होता. एक ओसाड किनारा असतो, तिथे तुम्ही धक्का बांधायचा, जहाजं येतात, माल उतरवायचा, त्यातून क्रेन घ्यायची, मग मोठी जहाजं. दिसायला पोरखेळ. पण कवळीवाल्याच्या हाताला नीटनेटकेपणाचं व्यसन होतं, आणि त्या बंदरात सगळं काही ओळीत लागायचं. जहाज बरोबर धक्क्याला टेकलं की बारीकशी घंटा व्हायची. कवळी तोंडात नीट बसली की कुणी घंटा वाजवत नाही. ती बसली हे त्याला कळायचं ते माणूस परत आला नाही यावरून. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लगेच, तोंडावर, शाबास म्हणत होतं.

महिन्याभरात जेवताना ताटाशेजारी फोन आला. बायकोच्या ते डोळ्यावर आलं. ती वजन कमी करायच्या दवाखान्यात कामाला होती आणि तिथला एक उपाय तिला अगदी पाठ होता.

"मी खेळू नका म्हणत नाही," ती म्हणाली. "तुम्ही लिहा फक्त. आमच्याकडे माणसं काय काय खाल्लं ते सगळं लिहितात. शेंगदाणासुद्धा सुटत नाही. लिहायला लागलं की आपोआप कमी होतं, बघा तुम्ही."

तिनेच रेघांची वही आणली. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मिनिटं. दर रविवारी ती बेरीज बघणार आणि खाली सही करणार. कवळीवाल्याला कल्पना फारच आवडली. मोजमापाची गोष्ट म्हटल्यावर तो तिच्या कह्यात गेलाच.

पहिल्याच रविवारी त्याने प्रामाणिकपणे एक शंका काढली.

"प्लास्टर वाळतंय, ती चाळीस मिनिटं कशी लिहू? तेव्हा मी तसंही काही करू शकत नाही. खेळलो काय आणि खिडकीबाहेर बघत बसलो काय."

बायकोने पेन ओठांना लावून विचार केला. "ती नका धरू. ती वेळ तर अशीही जाणारच."

त्याने वहीच्या पहिल्या पानावर, सुरेख अक्षरात, नियम लिहून टाकला: प्लास्टरची वेळ धरायची नाही.

दोघंही शहाणी माणसं. दोघांनाही यात काही वावगं दिसलं नाही. मला विचाराल तर सगळा घात त्या एका ओळीत झाला.

पहिले दोन आठवडे खेळ खरंच कमी झाला. दिवसाला दीड तासाचा एक तास, तासाची चाळीस मिनिटं. बायकोने दवाखान्यात कौतुक सांगितलं. कवळीवाला एक मिनिटसुद्धा लपवायचा नाही. प्लास्टर सुकल्यावरही एखादं जहाज धक्क्याला लागायचं राहिलं असेल तर तो खेळत राही, पण मग घड्याळ बघून वहीत मांडी: "३.१० ते ३.२१, अकरा मिनिटं." एकदा त्याने "दोन मिनिटं" अशीही नोंद केली होती. बायको ती बघून हसली आणि म्हणाली, "इतकं नको हो."

पण नियम असा होता की तो हळूहळू पसरत गेला. मेण गार होणं हेही एक प्रकारचं प्लास्टरच, नाही का? आणि साचा शिजणं? तेही. मग त्याच्या असं लक्षात आलं की चार ठसे एकदम ओतण्यापेक्षा एकेक ओतला तर काम जास्त स्वच्छ होतं. होतंही. फक्त चाळीस मिनिटं चार वेळा मिळतात. तीन तासांच्या शिजवणीपेक्षा नऊ तासांची केव्हाही चांगली, त्यात बुडबुडा राहत नाही. हेही खरं. डॉक्टरीणबाईंनी फोन करून सांगितलं की अलीकडे तुमच्या कवळ्या काचेसारख्या येताहेत. सगळं खरंच होतं, हीच तर पंचाईत. खेळासाठी हे करतोय, असं त्याने मनातल्या मनातसुद्धा कधी म्हटलं नाही. काम मात्र दिवसाला चारावरून दोनावर आलं.

आणि आईचं काम मधल्या वेळात व्हायचं होतं.

ते फळीवर होतं. खालचा जबडा, वरचा जबडा, आकडा न टाकलेले एकमेव दोन जबडे. महिन्याने आईने विचारलं, "होतायत ना रे?" तो म्हणाला, "तुझं काम घाईने नाही करायचं मला." हे त्याने इतक्या प्रेमाने म्हटलं की आईने पुन्हा विचारलं नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तीन महिन्यांनी परत आला. मग याबद्दलचे फोन यायचे बंद झाले. त्याला बरंच वाटलं. का बंद झाले, याचा त्याने विचार केला नाही.

बायकोने दोन-तीनदा हटकलं. "अहो, आईंचं घ्या ना मनावर. भिजवलेला पाव आणि कुस्करलेला बटाटा, किती दिवस खाणार त्या?"

"चाललंय," तो म्हणायचा. आणि चाललेलंही असायचं. एके दिवशी त्याने दात रोवायची मेणाची कड करून घेतली, आईला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन त्या मेणावर तिच्या चाव्याचं माप घेववलं. पुढच्या महिन्यात वरचे समोरचे सहा दात मांडले. पण दात मांडायला घेतले की बाजूला कुणाचं तरी प्लास्टर वाळत असायचं, आणि प्लास्टर वाळत असलं की हात आपोआप फोनकडे जायचा. ती न धरायची वेळ होती. त्या वेळेत काहीही केलं तरी चालत होतं. अपवाद फक्त कामाचा, असं होऊन बसलं होतं.

वर आई दुपारी चार वाजता खुर्ची खिडकीशी ओढून बसे. वाचायची, पण मनात. सफरचंद तिला फार आवडायचं. सून ते किसून द्यायची, तेव्हा ती चमच्याने दोन घास घेऊन वाटी बाजूला सारायची. ती रोडावली. मैत्रिणींचे फोन सुनेला घ्यायला सांगू लागली. आजोबांनी शेवटी कंटाळून एक बोलकं यंत्र घेतलं. त्यात पुस्तक घातलं की ते वाचून दाखवायचं, चोर आणि न्यायाधीश दोघांना एकच सपाट आवाज. भिंतीपलीकडून तो आवाज यायला लागला की आई खिडकी लावून घ्यायची.

आठवा महिना संपत आला तेव्हा एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, कवळीवाल्याच्या बंदरात एक प्रचंड जहाज टेकलं. घंटा झाली, आणि मग नेहमीपेक्षा वेगळंच काहीतरी झालं. आकाशातून रंगीत कागद पडले, तोफा उडाल्या आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली. बंदरप्रमुख, अभिनंदन. आपण आमच्यासोबत एक हजार तास घालवले आहेत.

त्याला वाटलं चूक आहे. त्याने वही काढली. सात महिन्यांची बेरीज तिथे प्रत्येक पानाच्या तळाशी होतीच, बायकोच्या सहीसकट. सगळ्या पानांची मिळून झाली चौऱ्याण्णव तास. त्याने परत बेरीज केली. चौऱ्याण्णव. वहीच्या आधीचा एक महिना धरला, तरी फार तर पन्नास तास वाढले असते.

उरलेले साडेआठशे तास प्लास्टरचे होते.

तो खुर्चीत बसला आणि समोरच्या फळीकडे बघत राहिला. पूर्ण तोंडाच्या कवळीला हाताचं काम लागतं दहा-बारा तासांचं. साडेआठशे भागिले बारा. त्याने भागाकार केला नाही, गरज नव्हती. त्याला आता स्पष्ट दिसलं की बावीस वर्षांत वाट पाहायची वेळ रिकामी अशी कधी नव्हतीच. एकाच्या वाट पाहण्यात दुसऱ्याचं काम व्हायचं. ती वेळ कुणाची ना कुणाची असायची. या आठ महिन्यांत ती आईची होती. त्यानेच डॉक्टरीणबाईंना तसं कबूल केलं होतं. आणि त्याने वहीत लिहून ठेवलं होतं की ही धरायची नाही.

दुपारी बायको जेवायला घरी आली तेव्हा त्याने तिला खाली बोलावून सगळं दाखवलं. फोन एका हातात, वही दुसऱ्या हातात. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वहीची पानं एकामागून एक उलटली आणि प्रत्येक पानाखालची आपली सही बघितली.

"मी यावर दर रविवारी सही केली," ती म्हणाली. "दवाखान्यात ही वही नेऊन लोकांना दाखवली मी."

"मी खोटं काहीच लिहिलं नाही गं."

"माहीत आहे." तिने वही टेबलावर ठेवली. "आईंना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

त्याने सांगितलं नाही. त्याने खेळ फोनमधून काढून टाकला आणि आईचे जबडे फळीवरून खाली घेतले. बाकीची सगळी कामं बाजूला सारली, डॉक्टरांच्या फोनना उत्तरं दिली नाहीत. राहिलेले बावीस दात मेणात मांडले. समोरच्या दोन दातांमध्ये आईची होती तशी बारीक फट ठेवली, जुना फोटो समोर ठेवून. शिजवलं, गार केलं, घासलं, चकाकी आणली. मंगळवारी दुपारी हातात घेतलेलं काम शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर तयार होतं. त्याच्या हातून याहून सुंदर काम कधी झालं नव्हतं, आणि ते त्याला बघवत नव्हतं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी कवळी आईच्या तोंडात बसवली. वरची ठीक बसली. खालची आईने तोंड उघडताच पाण्यातल्या होडीसारखी वर उचलली गेली. बाईंनी ती परत दाबून बसवली. परत उचलली गेली. त्यांनी आरसा घेऊन जिभेच्या कडा बघितल्या, हिरडीवरून बोट फिरवलं आणि कवळीवाल्याकडे नुसतं बघितलं. त्यालाही दिसत होतंच. आठ महिन्यांपूर्वी ठशात हिरडीचा जो उंचवटा होता तो आता सपाट झाला होता, आणि दोन्ही बाजूंना जीभ ऐसपैस पसरलेली.

"नवा ठसा घेऊन आतून भर घालता येईल," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "थोडा फरक पडेल. पण जीभ आता जागा सोडायची नाही. आणि या वयात तिला शिकवायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"छान बसलेत," आई म्हणाली. दोन्ही गालांना हात लावून ती खुर्चीतून उठली. "अगदी माझेच वाटतात. उगीच आणखी कशाला काही करायचं?"

त्याच दिवशी चार वाजता ती पुस्तक घेऊन समोर गेली. कवळीवाला तिच्या मागोमाग गेला आणि दारातच उभा राहिला. तिच्या पावलांचा आवाज ऐकून आजोबांनी हात पुढे नेला आणि वाचणाऱ्या यंत्राला दटावलं, "बाई आल्या, तू गप्प बस आता." त्यांचा चेहरा असा उजळला होता की कवळीवाल्याला तिकडे पाहवेना.

आईने पान उघडलं, पाठ ताठ केली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसऱ्या वाक्यात खालचे दात उचलून वरच्यांवर आपटले. तिने जिभेने ते दाबून धरले, तर शब्द अडला. शब्द सोडवायला जावं तर दात सुटत. चोराचा आवाज काढायचा तिने प्रयत्न केला आणि मध्येच बोट तोंडात घालून कवळी सावरली. दोन पानं तिने अशी वाचली. सबंध वेळ तो खटखट आवाज होत होता आणि आजोबा मान डोलवत होते.

"पुरे आज, बाई," ते शेवटी म्हणाले. "दमाल तुम्ही. पण मजा आली हो."

"सवय व्हायला हवी जरा," आई म्हणाली. "दात फार सुंदर झालेत. आठ महिने खपलाय माझा मुलगा यावर."

"वाटतंच ते," आजोबा म्हणाले.

घरी आल्यावर आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिने दोन्ही कवळ्या काढून रुमालात घेतल्या. रुमालावर रक्ताचा लहानसा डाग पडला. खालच्या हिरडीला एका बाजूला चांगलंच सोललं होतं. तिने रुमालाची घडी घालून तो डाग आत घेतला. बायको दवाखान्यात कामावर होती. घरात दोघंच.

"आई," तो म्हणाला, "आठ महिने नाही लागले गं याला."

"म्हणजे?"

"चार दिवसांत केले. मंगळवारपासून."

आईने त्याच्याकडे बघितलं. "आणि आधी?"

"खेळत होतो. फोनवर."

बंदर, जहाजं, वही, प्लास्टर, हे सगळं सांगायचं त्याने मनाशी जुळवून ठेवलं होतं. आता ते सगळं सबबीसारखं वाटलं. आईने आता रागवावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. वर्गात रागवायची तशी, जिन्याखालपर्यंत ऐकू जाईल अशी. बेचाळीस वर्षांचा माणूस, हात पुढे करून उभा राहिला असता तो. पण रागवायला लागणारं स्पष्ट बोलणं आता तिच्याकडे नव्हतं, आणि बहुधा तेवढं बळही नव्हतं.

"चार दिवसांत होतात होय?" तिने विचारलं.

"होतात."

तिने रुमाल पुन्हा उघडला. समोरच्या फटीवरून तिने अंगठा फिरवला.

"मी आपली समजत होते, माझंच तोंड अवघड आहे," आई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनाही तसंच सांगितलं होतं मी. तुला सारखे फोन करायच्या ना त्या. म्हटलं, त्याला नका बोलू, तो करतोय बिचारा, माझं तोंडच तसलं आहे."

मग ती उठली, कपाटातून वाटी काढली, तीत पाणी घेऊन दात ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी पाव दुधात भिजत घातला.